माळ्यावर गांजाची झाडं: कुणाला अनुभव आहे का?

प्रेषक: मेधा (स्कारबरो)

नमस्कार मंडळी,

विषय वेगळा आहे, पण आपल्या माणसांत विचारलेलं बरं म्हणून लिहिते. ह्यांच्या मणक्याच्या ऑपरेशननंतर रात्रीची झोप पार उडाली. डॉक्टरांशी बोलून ते रात्री थोडा गांजा घेतात, परवाना असलेल्या दुकानातून आणलेला. त्याने फरक पडतो, पण दर महिन्याचा खर्च आता जाणवायला लागलाय. इथे कॅनडात, ऑन्टारियो प्रांतात, घरी चार झाडं लावायला कायद्याने परवानगी आहे, तेव्हा आपणच लावू असं ह्यांनी मनावर घेतलंय.

अडचण जागेची. घर 1972 सालचं बंगलो. तळघर भाड्याने दिलेलं, खोल्या मुलींच्या. उरला माळा. कपाटाच्या छतात झडप आहे, वर मधोमध जेमतेम चार फूट उंची मिळते. वर प्लायवूड टाकायचं, एलईडी दिवा आणि पंखा लावायचा असा बेत आहे. कुणी असं केलंय का? मोकळेपणाने सांगा.

मेधा

---

प्रेषक: श्रीकांत (ग्वेल्फ)

मेधाताई,

मी लावतो, तळघरात. माळ्याचं मला माहीत नाही, पण चार फुटांची उंची ही काही अडचण नव्हे. ऑटोफ्लॉवर जातीचं बियाणं घ्या. ही झाडं बुटकी राहतात, बहुतेक दोन-तीन फुटांच्या आत, आणि दिवसाची लांबी कितीही असली तरी आपल्या वेळेला फुलतात. दुसऱ्या जातींना वाढीच्या काळात अठरा तास उजेड आणि फुलोऱ्यासाठी बारा तास सलग काळोख लागतो. त्या काळोखात फटीतून उजेड आला तरी झाड बिथरतं. बियाणं मात्र ऑन्टारियो कॅनबिस स्टोअरचं (प्रांत सरकारचं दुकान) किंवा परवाना असलेल्या दुकानातलंच घ्या, कायद्याने तेच चालतं. पाकिटावर ‘फेमिनाइज्ड’ लिहिलेलं पाहून घ्या. नर झाड निघालं तर त्याच्या परागाने बाकीच्या झाडांत बी भरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

पाण्याच्या बाबतीत आपल्याकडचे शेतकरी जे सांगतात तेच खरं: वाफसा आल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. कुंडी उचलून बघा, हलकी लागली की द्या. झाडं मरतात ती तहानेने कमी, रोज प्रेमाने पाणी घातल्यामुळे जास्त. लाल कोळी, फुलकिडे, भुरी हे सगळं इथेही येतं. नवं झाड घरात आणलं की पानं उलटी करून भिंगाने बघायची सवय ठेवा. एकदा फुलोरा आला की त्यावर काहीही फवारायचं नाही, शेवटी ते पोटात किंवा फुप्फुसात जाणार आहे.

विजेचं एक सांगतो. इथे वेळेनुसार दर असेल तर संध्याकाळी सात ते सकाळी सात हा स्वस्त काळ. बरोबर बारा तास. फुलोऱ्यातल्या झाडांचा ‘दिवस’ मी रात्रीच ठेवतो. बिल कमी येतं आणि बाहेर गार असल्यामुळे दिव्याची उष्णताही आटोक्यात राहते.

वास येतो, खूप येतो. कार्बन फिल्टर लावल्याशिवाय सुरुवातच करू नका.

श्रीकांत

---

प्रेषक: विद्याधर (हॅमिल्टन)

मेधा,

श्रीकांतने झाडांचं जे लिहिलंय ते अचूक आहे. मी घराचं लिहितो. विकत घेण्याआधी घरं तपासून देणं हा माझा धंदा आहे आणि माळे मी आतून पाहतो. माझं स्पष्ट मत: चार झाडं लावा, पण माळ्यावर लावू नका.

आधी एक काम. झडप उघडून, वर न चढता, फक्त टॉर्च मारून बघा. छतावर पसरलेलं इन्सुलेशन कसं दिसतं? गुलाबी किंवा पिवळं कापसासारखं असेल, किंवा करड्या कागदाच्या लगद्यासारखं असेल, तर पुढचं वाचा. पण करड्या-तपकिरी, अभ्रकासारखे चमकणारे खडे असतील तर ते व्हर्मिक्युलाइट आहे. 1990 च्या आधीच्या घरांत झोनोलाइट नावाने ते विकलं जायचं आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हेल्थ कॅनडाचा सल्ला स्वच्छ आहे: त्याला हात लावू नका. तसं दिसलं तर झडप बंद करा आणि कुणालाही वर जाऊ देऊ नका, केबलवाल्यालाही नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडचा माळा आणि कॅनडातला माळा ह्या वेगळ्या जागा आहेत. इथला माळा घराबाहेर असतो असंच धरा. बेडरूमच्या छतावर इन्सुलेशनचा जाड थर, त्याखाली बाष्प अडवणारा प्लास्टिकचा पडदा, आणि त्याच्या वर थंड, हवेशीर पोकळी. वळचणीखालच्या जाळ्यांतून बाहेरची हवा आत येते, छपराच्या झरोक्यांतून निघून जाते. जानेवारीत बाहेर उणे अठरा असेल तर छपराच्या फळ्याही जवळपास तितक्याच गार असतात. ते तसंच असायला हवं. छप्पर गार आणि कोरडं राहिलं तरच टिकतं.

त्या पोकळीत तुम्ही झाडं ठेवणार. झाडाला दिलेलं पाणी जातं कुठे? त्यातला अगदी थोडा भाग झाडाच्या अंगी लागतो, बाकी जवळजवळ सगळं पानांतून वाफ होऊन हवेत जातं. भरल्या फुलोऱ्यातली चार मध्यम झाडं दिवसाला चार-पाच लिटर सहज पितात. म्हणजे रोज चार-पाच लिटर पाणी गोठलेल्या फळ्यांच्या खाली मोकळं सोडल्यासारखं आहे.

त्याचं काय होतं ते मी हिवाळ्यात नेहमी पाहतो, तेही झाडं नसलेल्या घरांत, नुसता बाथरूमचा पंखा चुकून माळ्यात सोडलेला असतो तिथे. कौलांचे खिळे फळीतून खाली डोकावतात ना, त्या प्रत्येक टोकावर बर्फाचा मणी धरतो. टॉर्च मारला की हजारो मणी एकदम चमकतात. मग फेब्रुवारीत एखादा उबदार दिवस येतो आणि ते सगळे एकाच दुपारी वितळतात. खाली इन्सुलेशन भिजतं, बेडरूमच्या छताला पिवळे डाग पडतात आणि घरमालक छप्पर गळतंय म्हणून छपरावाल्याला बोलावतो. छप्पर चांगलंच असतं. दोन-तीन हिवाळे असे गेले की फळ्या काळ्या पडतात. ही बुरशी काढून घेण्याच्या खर्चात ह्यांचा गांजा वर्षानुवर्षं दुकानातून येईल.

कुणी म्हणेल झाडं वाढवायचा बंद कापडी तंबू लावू, हवा नळीने बाहेर सोडू. मग ती नळी इन्सुलेटेड हवी, नाहीतर तिच्या आतच पाणी जमून उलटं तंबूत गळतं. ती छपरातून वेगळ्या तोंडाने बाहेर काढायला हवी. वळचणीखाली सोडली तर तीच दमट हवा शेजारच्या जाळीतून परत आत ओढली जाते. आणि तंबूत हवा आणणार कुठून? माळ्यातली घ्याल तर उणे दहा. घरातली घ्याल तर छताला भोक पाडून बाष्पाचा पडदा फोडावा लागेल. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा: जुलैच्या दुपारी माळ्याचं तापमान पन्नासच्या वर जातं, आणि ही झाडं तिशी ओलांडली की कुरकुरायला लागतात.

एक अपवाद आहे. टोरोंटोत दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली दीड मजली घरं आहेत, वरच्या मजल्याला उतरतं छत असलेली. तिथे छपरालाच इन्सुलेशन असतं, खोली गरम असते, माणसं झोपतात. ती खोली आहे, तिथे तंबू लावायला हरकत नाही. मात्र बुटक्या भिंतीमागच्या पोकळीत काही ठेवू नये, ती पुन्हा थंडच असते.

विजेचं राहिलं. 1972 सालचं घर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची वायरिंग असण्याची दाट शक्यता. त्या काळात इथे सर्रास वापरली गेली. तिचे सांधे सैल होऊन तापतात. माळ्यातल्या बल्बच्या फिटिंगमधून दिवा, पंखा, हीटर ओढणं आणि एक्स्टेंशन कॉर्ड इन्सुलेशनखालून नेणं, हे कृपा करून करू नका. नवं सर्किट हवं असेल तर परवाना असलेला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर बोलवा. इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीला (विजेच्या कामांची तपासणी करणारी संस्था) त्याची सूचना तोच देईल, तो कागद जपून ठेवा. आणि घराच्या विमा कंपनीला आधी विचारा. उत्तर ईमेलवर मागा.

विद्याधर

---

प्रेषक: अरुण (मार्खम)

सर्वांना नमस्कार.

मी या मंडळात जुना आहे आणि मला हा विषय मंडळाच्या चर्चायादीवर वाचून अवघडल्यासारखं झालं. मेधाच्या घरची अडचण खरी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. काळजी वाटते ती नव्याने आलेल्या मुलांची. ‘इथे चालतं’ एवढंच त्यांच्या कानावर जातं. पुढचं कुणी सांगत नाही. जाणकारांनी तेही लिहावं.

अरुण

---

प्रेषक: अनघा (मिसिसागा)

अरुणकाका, तुम्ही म्हणालात म्हणून सविस्तर लिहिते. स्थलांतराच्या अर्जांचं काम करते, त्यामुळे ही बाजू रोज समोर येते.

17 ऑक्टोबर 2018 पासून कॅनडात गांजा कायदेशीर झाला. ऑन्टारियोत वय 19 पूर्ण हवं आणि घरटी चार झाडं. घरटी म्हणजे घरटी: घरात मोठी माणसं सहा असली तरी झाडं चारच. भाड्याच्या घरात करारात मनाई असेल किंवा कॉन्डोच्या नियमांत असेल तर एकही नाही. क्वेबेकमध्ये घरी लावायला बंदी आहे आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मॉन्ट्रियलला शिकायला गेलेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

पाचव्या-सहाव्या झाडासाठी पोलीस दंडाचं तिकीट देऊ शकतात. त्यापुढे गेलात, किंवा पिकवलेलं विकलंत, तर तो गुन्हा आहे आणि त्याची कमाल शिक्षा 14 वर्षं आहे. इथेच आपल्या लोकांना धोका आहे. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षं किंवा जास्त, त्यात दोषी ठरलेल्या माणसाला स्थलांतर कायदा गंभीर गुन्हेगार मानतो. न्यायाधीशाने प्रत्यक्षात नुसता दंड केला तरी. नागरिक झालेला माणूस दंड भरून घरी जाईल. पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) किंवा स्टुडंट परमिटवर असलेल्याला देश सोडायची नोटीस येऊ शकते. ‘थोडा मित्राला विकला’ हे वाक्य त्या मुलाचं इथलं आयुष्य संपवू शकतं. मंडळाच्या तरुणांच्या गटात हे कुणीतरी उभं राहून सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि ते सांगायला मी येईन.

सीमा ओलांडताना काहीही जवळ नको: गांजा नको, तेल नको, गोळ्या नकोत, बियाणंही नको. डॉक्टरांचा कागद असला तरी नाही. अमेरिकेत बफेलोला भावाकडे जाताना गाडीच्या कप्प्यात राहिलेली एक डबी पुरते. भारतात तर 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे. झाड लावल्याबद्दल त्यात दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. होळीला गावाकडे भांग घोटतात म्हणून गांजालाही कुणी विचारणार नाही असं समजू नका. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि ते तिथे गुन्ह्यातच येतात.

मेधाताई, तुमच्यासाठी वेगळं. मिस्टरांना दुखणं आहे, मग डॉक्टरांकडून किंवा नर्स प्रॅक्टिशनरकडून वैद्यकीय दाखला घ्या आणि केंद्र सरकारचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे नाव नोंदवा. माल टपालाने घरी येतो. अशा विक्रेत्याकडून घेतलेल्या औषधी गांजाचा खर्च आयकरात वैद्यकीय खर्च म्हणून दाखवता येतो. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पावतीवर तसा दाखवता येत नाही. मिस्टरांच्या ऑफिसचा आरोग्य विमा काही भाग देतो का तेही विचारा. खर्च हाच प्रश्न असेल तर आधी हे करून पाहा, झाडं नंतर.

अनघा

---

प्रेषक: मेधा (स्कारबरो)

सर्वांचे आभार. अरुणकाका, तुमचेही.

विद्याधरदादा, टॉर्च मारली. करडे-तपकिरी चमकणारे खडे आहेत. झडप बंद केली, कडेने टेप लावली, प्रयोगशाळेकडून माणूस येऊन नमुना नेणार आहे. कपाटातले मुलींचे हिवाळी कपडे दुसरीकडे हलवले. दाखल्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली.

ह्यांना तरी दोन झाडं लावायचीच आहेत. ऑपरेशननंतर त्यांना करण्यासारखं काही राहिलेलं नाही, बागकामासाठी वाकता येत नाही, म्हणून मीही नाही म्हणत नाही. पॅसेजमधलं कोटांचं कपाट रिकामं करतोय, रुंदी-खोली साठ सेंटिमीटरची. तिथे चालेल का? आणि काढणीनंतर वाळवायचं कसं? मुली नऊ आणि बारा वर्षांच्या आहेत.

मेधा

---

प्रेषक: श्रीकांत (ग्वेल्फ)

चालेल. त्या मापाचा तंबू मिळतो. दोन ऑटोफ्लॉवर झाडांना शंभर वॅटचा चांगला एलईडी पुरे. पंखा सावकाश चालणारा घ्या, त्याची घरघर रात्रभर असते आणि झोपेसाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. दोन झाडांची वाफ घराला झेपते, हिवाळ्यात हवा कोरडीच असते. पण दहा डॉलरचं आर्द्रतामापक पॅसेजमध्ये टांगा. चाळीस टक्क्यांच्या वर जायला लागलं किंवा खिडक्यांच्या काचांवर पाणी दिसलं की बाथरूमचा पंखा जास्त वेळ चालवा. तो बाहेर उघडतो ना, माळ्यात नाही, हे विद्याधरला विचारून खात्री करून घ्या. कपाटाला खरं कुलूप लावा, नुसती कडी नको.

बी टाकल्यापासून ऑटोफ्लॉवरला साधारण अडीच-तीन महिने लागतात. काढणीनंतर फांद्या त्याच तंबूत दिवा बंद करून उलट्या टांगा. अठरा-वीस अंश तापमान, पंचावन्न-साठ टक्के आर्द्रता, पंख्याचा झोत थेट अंगावर नको. दहा दिवस ते दोन आठवडे. बारीक काडी वाकवल्यावर कट्‌कन मोडली की काचेच्या बरणीत भरा आणि पहिले काही दिवस रोज झाकण उघडून हवा द्या. बरणीत ओल्या गवतासारखा किंवा अमोनियासारखा उग्र वास आला तर बाहेर काढून पुन्हा वाळवा. करडी लव दिसली तर ते बोंड फेकूनच द्या, खरवडून वापरू नका.

तेल काढायचं मनात आलं तर ब्युटेनसारखे द्रावक घरात वापरायला कायद्याने बंदी आहे, आणि त्याने स्वयंपाकघरं पेटलेली आहेत. तुपात मंद आचेवर करता येतं. पण ते तूप, किंवा त्याचं केलेलं काहीही, घरच्या फ्रिजमध्ये इतर डब्यांसोबत ठेवू नका. मुलींना लाडू आणि औषधाचा लाडू यात फरक दिसणार नाही. वेगळा डबा, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव आणि तारीख, आणि तो डबा कुलपात. पॉइझन सेंटरचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

बियाणं मागवलंत की कळवा, कुंड्या आणि माती माझ्याकडे जास्तीची आहे, शनिवारी आणून देतो.

श्रीकांत