पूजेची वेळ आणि रात्रपाळी
ब्राह्ममुहूर्त टळला की पूजा वाया, असं इथं काहींनी म्हटलंय. मला ते मुळीच पटत नाही. सूर्योदयाआधी ९६ ते ४८ मिनिटं ही वेळ उत्तमच, तेव्हा मन शांत असतं. पण आमच्या सोलापुरात यंत्रमागावर रात्रपाळी करणारा माणूस घरी येईपर्यंत ती टळलेलीच असते. शेजारचे काका आले की आधी डोक्यावरून अंघोळ, केसांत कापसाची भुरभुर असते ना! मग देवांना गंध, जास्वंदीचं फूल, उदबत्ती, निरांजन, गूळखोबऱ्याचा नैवेद्य. पंचोपचार पूर्ण झाले की! दिवेलागणीला काकू दिवा लावतातच. जमेल ती वेळ धरा, पण रोज तीच ठेवा. आणि नैवेद्य मात्र आपण जेवायच्या आधी दाखवा.