पहिल्याच दिवशी 'इंट की फ्लोट' विचारायचं का?

उशिराचामामा :
भाचीला प्रोग्रॅमिंग शिकवतोय. सगळे सांगतात म्हणून पायथॉन ही भाषा घेतली; त्यात इंट (पूर्णांक) की फ्लोट (दशांश असलेला आकडा) हे आधी सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी तिने दोन आकडे विचारून बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला. ५ आणि ७ दिले, उत्तर आलं ५७. "मामा, याला बेरीज येत नाही का?" इनपुटमधून जे येतं ते स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतं आणि दोन स्ट्रिंगच्या मध्ये अधिकचं चिन्ह म्हणजे नुसती जोडणी, हे तेव्हा सांगत बसलो. म्हणजे डेटा टाइप (माहितीचा प्रकार) टळला नाहीच, मागच्या दाराने आला. त्यापेक्षा सी किंवा जावापासून सुरुवात करावी असं आता वाटतं. व्हेरिएबल (किंमत ठेवायचं नाव) आधी जाहीर करा, त्यात काय राहणार ते सांगा, मग वापरा. पटतंय का?

अर्धविराम :
अजिबात नाही. सीमध्ये एक ओळ छापायची तर आधी हेडर फाइल, मेन, महिरपी कंस. मुलांनी यातलं काय समजून लिहायचं? "सध्या असंच लिही, नंतर सांगतो" हे वाक्य पहिल्या तासात चार वेळा म्हणावं लागतं. ५७ आलं ते उत्तमच झालं की! टाइप म्हणजे काय हे तिला जन्मभर लक्षात राहील.
आणि पायथॉनमध्ये टाइप नसतो हा गैरसमज काढून टाका. टाइप असतो, पण तो किमतीला असतो, नावाला नाही. नाव म्हणजे डबा नव्हे, चिठ्ठी. आज ५ ला चिकटवली, उद्या 'पाच' या शब्दाला.

कंपायलरचाजावई :
त्या चिठ्ठीनेच माझा एक अख्खा रविवार खाल्ला आहे. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, म्हणून हौसेने मराठीत लिहिली. वर 'एकूण' शून्य केलं आणि लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींत) लिहिलं : एकुण = एकूण + गुण. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक. एरर नाही, इशारा नाही; गपचूप नवीन 'एकुण' तयार झालं आणि छापताना 'एकूण' शून्यच. आधी जाहीर करायची सक्ती असती तर कंपायलरने (चालवण्याआधी प्रोग्रॅम तपासून भाषांतर करणाऱ्याने) तिथेच कान धरला असता. मामांना +१.
टाइपकडे दुर्लक्ष केलं की काय होतं त्याचं मोठं उदाहरण हवं तर एरियन ५ हे युरोपचं रॉकेट. ४ जून १९९६, पहिलंच उड्डाण. ६४ बिटांचा फ्लोट १६ बिटांच्या इंटिजरमध्ये बसवायला गेले. त्यात ३२७६७ च्या वर आकडा मावत नाही. चाळीसेक सेकंदांत रॉकेटचे तुकडे.

अर्धविराम :
जावईबापू, उदाहरण उलटलं तुमच्यावर. ते सॉफ्टवेअर एडा भाषेत होतं, म्हणजे टाइपच्या बाबतीत सीपेक्षाही कडक सासू. व्हेरिएबल रीतसर जाहीर केलेली होती. चुकलं ते वेगळंच : एरियन ४ साठी लिहिलेला भाग जसाच्या तसा उचलला आणि नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त असणार हे तपासलं नाही. टाइप लिहिल्याने विचार आपोआप होत नाही.

रात्रपाळी :
दोघांचंही चालू द्या. माझा अनुभव एवढाच की नवख्यांना टाइप लिहिण्यापेक्षा तो निवडणं जड जातं. फोन नंबर कशात ठेवायचा म्हटलं की सगळे इंट म्हणतात, 'नंबर' आहे ना! मग सीमध्ये ९८७६५४३२१० साठवला की १२८६६०८६१८ बाहेर येतो, कारण ३२ बिटांचा इंट २१४७४८३६४७ ला संपतो. पायथॉनचा इंट कितीही मोठा होतो, म्हणून तिथे ही चूक कळतही नाही. सुरुवातीचं शून्य असलेला नंबर आला की ते शून्य मात्र गायब. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करणार नाही तो नंबरच नव्हे, स्ट्रिंग. हे कुठल्याही भाषेत शिकवता येतं.

कंपायलरचाजावई :
शेवटच्या वाक्याशी सहमत. आधीच्याशी नाही. सीमध्ये निदान चुकीचा आकडा तोंडावर येतो. (एडाबद्दल माहीत नव्हतं. गप्प बसतो.)

अर्धविराम :
गप्प नका बसू. टाइप लिहायची सवय हवीच असेल तर पायथॉनमध्येही २०१५ पासून, ३.५ आवृत्तीपासून, टाइप हिंट, म्हणजे नावापुढे टाइप लिहून ठेवायच्या खुणा, आहेत. चालवताना पायथॉन त्या तपासत नाही, त्यासाठी वेगळं टूल लागतं, पण वाचणाऱ्याला कळतं.

उशिराचामामा :
काल हट्टाने सी उघडलंच. तीन विषयांचे मिळून २४५ गुण, सरासरी काढायची. बेरीज इंट, सरासरी फ्लोट, सगळं रीतसर जाहीर केलं. बेरीज भागिले ३. उत्तर ८१.००.
"मामा, याला भागाकार येत नाही."

रात्रपाळी :
इंटला इंटने भागलं की अपूर्णांक तिथेच कापला जातो, फ्लोटमध्ये पोचतो तो उरलेला ८१. तिला ३ च्या जागी ३.० लिहायला सांगा.