मदत हवी आहे: जुन्या सागाच्या दारांसाठी राऊटर टेबल आणि फेन्स, तयार घ्यावं की घरी बनवावं?

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणला राहते. २०२१ च्या जुलैतल्या पुरात आमचं खालचं स्वयंपाकघर पाण्याखाली गेलं आणि ओट्याखालची पार्टिकल बोर्डाची कपाटं चहातल्या बिस्किटासारखी फुगून सुटली. तेव्हापासून लोखंडी मांडणीवर भागवतोय. गेल्या वर्षी गावचं माडीचं घर उतरवलं, तेव्हा वाटणीत माझ्याकडे सागाच्या तीन तुळया आल्या. वखारीत चिरून घेतल्या, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सात-आठ महिने माळ्यावर रचून ठेवल्या. आता त्यातून ओट्याखालची अकरा दारं करायची आहेत. सुताराला देणार नाही, हे पक्कं आहे. त्या तुळयांखाली मी लहानाची मोठी झाले.

हाताने काम करायची सवय आहे. रंधा, पटाशी, गुण्या बाबांनी शिकवले. राऊटर, म्हणजे फिरत्या पात्याने (बिटने) लाकडात खाच किंवा नक्षी पाडणारं यंत्र, मात्र माझ्यासाठी नवा. सध्या माझ्याकडे ५३० वॅटचा छोटा ट्रिमर (हातात धरायचा लहान राऊटर) आहे, पाव इंची कॉलेटचा (बिट धरणाऱ्या पकडीचा), एकाच वेगाचा, मिनिटाला ३०,००० फेऱ्या. दाराची चौकट साधारण ६० मिमी रुंद आणि २० मिमी जाड पट्ट्यांची असेल, मध्ये सागाचंच पॅनेल. पॅनेलची खाच ट्रिमरने हातात धरून मारून बघितली. एवढ्या अरुंद पट्टीवर मशीन टेकायला जागाच नाही. ते कलतं आणि खाच वाकडी होते. तीन पट्ट्या गेल्या. नव्या लाकडाच्या असत्या तर एवढं मनाला लागलं नसतं.

म्हणून टेबल हवं. मशीन जागेवर आणि लाकूड हलतं, एवढं मला पटलं आहे. गाडी अडली आहे ती पुढे.

जागा म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली, सात बाय नऊ फूट. टेबल मला एकटीला उचलून भिंतीकडे सरकवता आलं पाहिजे. पावसाळ्यात तिथे दमट हवा भरून असते. वीज न सांगता जाते आणि न सांगता येते. बजेट सगळं मिळून ३०,००० रुपये, त्यात बिट्सही आल्या.

तयार बेंचटॉप टेबलं ऑनलाइन पाहिली, पण फोटोत फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची उभी पट्टी) पातळ पत्र्याचा वाटतो. दुसरा पर्याय म्हणजे ॲल्युमिनियमची इन्सर्ट प्लेट (जिला खालून राऊटर लावतात ती) घेऊन वरचा फळा स्वतः करायचा. मग फेन्सचं काय? व्हिडिओंमध्ये दात्यांवर सरकणारे, मायक्रोमीटरचे फेन्स दिसतात, त्यांची किंमत राऊटरएवढी. फेन्स टेबलाच्या कडेला तंतोतंत समांतर ठेवायला ते लागतात असं मी समजून चालले आहे. हे खरं आहे का? आणि माझा ट्रिमर टेबलाखाली चालेल, की राऊटरही नवा घ्यावा लागेल? यातलं स्वतः वापरलेल्यांनी सांगितलं तर फार मदत होईल.

जुना टूलरूमवाला (पुणे)

ताई, आधी राऊटरचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

दाराच्या चौकटीला नक्षी आणि खाच एकदम पाडणाऱ्या बिट्सची जोडी येते, एक उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या कडांसाठी आणि दुसरी आडव्या पट्टीच्या टोकांसाठी. तिचा व्यास साधारण ४० मिमी असतो. तुमच्या ट्रिमरला वेग कमी करायची सोय नाही. ४१ मिमीची बिट ३०,००० फेऱ्यांवर फिरली तर तिची धार ताशी २३० किलोमीटरच्या पुढे जाते. १० मिमीची साधी बिट त्याच वेगाला ताशी ५७ किलोमीटरने फिरते. फरक ध्यानात घ्या. मोठ्या बिटला १६ ते १८ हजारांवर आणावंच लागतं. म्हणजे वेग बदलता येणारा, निदान १३०० वॅटचा राऊटर हवा. ट्रिमर विकू नका, कडांची गोलाई मारायला तो उत्तम.

शँक (बिटचा पकडीत जाणारा दांडा) शक्य असेल तर अर्धा इंच घ्या, नाहीतर ८ मिमी. पाव इंचापेक्षा अर्धा इंच दिसायला दुप्पट, पण वाकण्याला विरोध सोळा पट, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. मोठ्या बिटला हा हिशेब फार कामाचा.

आता फेन्स. समांतरची चिंता डोक्यातून काढून टाका. टेबल सॉवर (टेबलाच्या करवतीवर) फेन्स पात्याला समांतर लागतो, कारण पातं लांब असतं. राऊटरची बिट गोल आहे. गोल वस्तूला समांतर काय असणार? लाकडाला फक्त एकच अंतर कळतं, फेन्सच्या रेषेपासून बिटच्या धारेपर्यंतचं. फेन्स टेबलावर तिरका ठेवला तरी खाच सरळच येते.

म्हणून सर्वात सोपा फेन्स असा: उजव्या टोकाला एक बोल्ट, त्यावर फेन्स दाराच्या बिजागरीसारखा फिरतो. डाव्या टोकाला एक सी-क्लॅम्प. बिट बरोबर मध्यावर असेल तर डावं टोक १ मिमी सरकवलं की बिटपाशी अंतर अर्धा मिमीच बदलतं. हीच तुमची बारीक जुळवणी. डाव्या टोकाशी टेबलावर पेन्सिलची रेघ मारा, क्लॅम्प सैल करा, हलकेच ठोका. टूलरूममध्ये आम्ही महागड्या स्लाइडवर जे करायचो, ते इथे अर्ध्या मिमीच्या कामाला पुरून उरतं.

फेन्सकडून दोनच गोष्टी मागा. तो सरळ असावा आणि टेबलाला काटकोनात उभा असावा. काटकोन चुकला की खाच कलती पडते आणि अकरापैकी एकही दार सपाट बसत नाही. गुण्या लावून बघा. फट दिसली तर तळाशी झेरॉक्सच्या कागदाची घडी घाला, एक कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो.

नाशिकचा फ्रेमवाला

काकांशी सहमत. मी फोटोफ्रेमचा व्यवसाय करतो, आठ वर्षं याच बोल्टवाल्या फेन्सवर काम चाललंय. माझा फेन्स म्हणजे स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून घेतलेला चार इंची आयताकृती ॲल्युमिनियम पाइपचा तुकडा. दुकानातच काचेवर ठेवून सरळ आहे का ते बघून घ्या, त्यांच्याकडे काच असतेच. पुढच्या बाजूला प्लायच्या दोन पट्ट्या लावा, बिटच्या दोन्ही बाजूंनी सरकवता येतील अशा. बिटभोवतीची फट जितकी कमी, तितकं लाकूड कमी फुटतं. मागून पाइपला व्हॅक्युमचा नळ लावा. सागाच्या भुशाने मला अंगाला खाज सुटते, काहींना श्वासालाही त्रास होतो. मास्क घालाच.

आणि जुन्या तुळया आहेत म्हणून सांगतो: खिळे! वखारीतून सुटलेला एखादा चुका (बारीक खिळा) आत राहिलेला असतो. फळीवर आधी चांगलं लोहचुंबक फिरवा. बिटच्या धारेवरच्या कार्बाइडचा (कठीण धातूचा) कण उडाला तर अख्खी बिट गेली. सागात मुळातच सिलिका असते, धार तशीही लवकर जाते.

धागाकर्ती

काका, समांतरचं वाचलं आणि लगेच कागदावर चितारून बघितलं. बरोबर आहे! दोन महिने मी चुकीच्या गोष्टीसाठी पैसे साठवत होते.

चुंबक आजच फिरवलं. दोन फळ्यांत चुके निघाले, एक तर अगदी कडेला होता. खूप आभार.

वरचा फळा कशाचा करू? एमडीएफ सपाट असतो म्हणतात, पण इथल्या हवेत भीती वाटते. आणि वीज परत आली की मशीन आपोआप सुरू होईल, त्याचं काय करतात?

लाकूडभुसा (न्यू जर्सी)

ताई, माझं गाव गुहागर, म्हणून तुमची हवा ओळखीची आहे. एमडीएफ नको. तिथे पावसाळ्यात कडा फुगतील आणि मधली सपाटी जाईल.

बांधकामाच्या शटरिंगला वापरतात तो काळ्या फिल्मचा १८ मिमी प्लाय बघा. दोन्ही बाजूंनी चकचकीत, लाकूड छान सरकतं, पाण्याला दाद देत नाही. नवा घ्या, वापरलेला नको, आणि कापलेल्या कडांना पेंट किंवा वॉर्निश भरपूर पाजा. नाहीतर मरीन प्लाय घेऊन दोन्ही बाजूंना सनमायका लावा. दोन्ही बाजूंना हे महत्त्वाचं. एकाच बाजूला लावलात तर दुसरी बाजू ओल घेते आणि फळा वाटीसारखा वळतो.

माझ्याकडे इथे बॉशचं आरए ११८१ आहे, वरचा भाग साधारण २७ बाय १८ इंच, ॲल्युमिनियमचा. छोट्या खोलीला हे माप पुरतं, तुमचा फळाही तेवढाच ठेवा. पण कोणी अमेरिकेतून आणून देतो म्हणालं तर नको म्हणा. त्याचा स्विच १२० व्होल्टसाठीचा आहे, शिवाय इथल्या प्लेट्स आणि फळ्यांच्या खाचा इंचांच्या मापात असतात, तिथल्या मशीनच्या भोकांशी जुळवताना जीव जातो.

जुना टूलरूमवाला (पुणे)

विजेचा प्रश्न विचारलात हे फार बरं केलं. हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं.

टेबलाखाली राऊटर लावताना त्याचं बटण दाबून लॉक केलेलं असतं. वीज गेली, तुम्ही बिट बदलायला हात खाली घातला, वीज आली. पुढचं लिहीत नाही. साधा एक्स्टेन्शन बोर्डाचा स्विच यातून वाचवत नाही.

यावरचा उपाय तुमच्या आजूबाजूच्या प्रत्येक बागायतदाराकडे आहे: मोटारपंपाचा डीओएल स्टार्टर. वीज गेली की आतली कॉइल सुटते आणि हिरवं बटण दाबेपर्यंत परत जोडली जात नाही. सिंगल फेजचा घ्या, कॉइल २३० व्होल्टची आहे ना ते दुकानदाराला विचारून घ्या. तीन फेजच्या स्टार्टरची कॉइल बऱ्याचदा ४१५ ची असते. ओव्हरलोड रिलेची (जास्त करंट गेला की वीज तोडणाऱ्या भागाची) रेंजही तुमच्या राऊटरच्या अँपिअरशी जुळणारी हवी. टेबलाच्या पुढच्या पायाला असा बसवा की लाल बटण मांडीने दाबता येईल. दोन्ही हात लाकडावर असताना तेच कामाला येतं. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. १३०० वॅट म्हणजे साडेपाच-पावणेसहा अँपिअर. ६ अँपिअरचा सॉकेट अगदी काठावर येतो, म्हणून १६ चा पॉइंट काढून घ्या. आणि हे सगळं असलं तरी बिट बदलताना प्लग काढायचाच.

लाकूड उजवीकडून डावीकडे ढकलायचं. टेबलाखाली राऊटर उलटा असतो, त्यामुळे वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या उलट फिरते आणि तुमच्या बाजूची धार डावीकडून उजवीकडे जाते. लाकूड तिच्या विरोधात गेलं की ताब्यात राहतं. आणि पट्टी कधीही बिट आणि फेन्स यांच्यामध्ये घालू नका. बिटच्या मागच्या बाजूची धार उलट दिशेला जाते, ती पट्टी हातातून खेचून घेते आणि मागोमाग बोटंही जातात. बिट नेहमी फेन्समध्ये अर्धवट लपलेली हवी.

प्लेट फळ्याच्या पातळीत आहे ना, हे पोलादी पट्टी आडवी-उभी ठेवून बघा. प्लेट राऊटरच्या वजनाने मध्ये दबली असेल तर नक्षीची उंची प्रत्येक पट्टीवर थोडी बदलते आणि कोपऱ्यात पायरी दिसते. प्लेटखाली चार कोपऱ्यांना जुळवणीचे स्क्रू ठेवा, आणि फळ्याखाली प्लेटच्या दोन्ही अंगांना लोखंडी अँगलचे तुकडे आवळा.

नाशिकचा फ्रेमवाला

एक राहिलं. आडव्या पट्ट्यांची टोकं आधी मारायची, कडांची नक्षी नंतर. टोकाला लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात, मागची कड फुटते. नंतर कडेवर बिट फिरली की ती फुटलेली जागा निघून जाते. टोकं मारताना पट्टीच्या मागे प्लायचा चौकोनी ठोकळा धरा, फेन्सला घासत दोन्ही एकत्र ढकला. त्यासाठी टेबलात मायटर स्लॉट (आडवी सरकपट्टी बसवायची खाच) लागत नाही. तो कापलात तरच फेन्स समांतर ठेवायची कटकट सुरू होते. कापू नका.

धागाकर्ती

काल लिस्ट केली. ८ मिमी कॉलेटचा, वेग बदलणारा १३०० वॅटचा राऊटर, त्याच शँकची बिट्सची जोडी, ॲल्युमिनियमची प्लेट, काळ्या फिल्मचा अर्धा शीट प्लाय, पाइप, बोल्ट, स्टार्टर. फेन्ससाठी बाजूला ठेवलेले पैसे राऊटर आणि बिट्सकडे वळवले. हिशेब ३०,००० च्या आत बसतो. पाइप गल्लीतल्या खिडकीवाल्याने तुकड्यातून दिला, काचेवर ठेवून बघितला, सरळ आहे.

मायटर स्लॉट कापणार नाही. स्टार्टर मात्र सगळ्यात आधी बसवून घेणार, राऊटर येण्याच्याही आधी.

फक्त एक शेवटचं विचारायचं आहे. तुळईच्या एका फळीवर आजोबांच्या हातची तासणीची खूण अजून आहे, वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) घाव ओळीने दिसतात. ती फळी मी रंधली नाही. मधल्या दाराच्या पॅनेलला तीच वापरायची आहे, घाव बाहेरच्या बाजूला ठेवून. पॅनेलच्या कडा खाचेत बसतील इतक्या पातळ कराव्या लागतील, पण दर्शनी बाजू सपाट नाही, म्हणजे टेबलावर ती बाजू खाली ठेवता येणार नाही. सपाट बाजू टेबलावर ठेवून मागूनच कडा कमी केल्या आणि घाव तसेच राहू दिले, तर चौकटीत पॅनेल नीट बसेल का? असं काम कोणी केलं आहे का?