मदत हवी आहे: आईची हाडं ठिसूळ झालीत, हिरड्याही सुजल्यात, आधी दात काढायचे की इंजेक्शन?

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे. आई ६७ वर्षांची, जन्मभर विड्या वळल्या तिनं, सकाळी पानं कापायला बसली की अंधार पडेपर्यंत सुपापुढं मान खाली, ऊन असं अंगाला लागायचंच नाही. गेल्या महिन्यात न्हाणीत घसरली, नुसता हात टेकला तर मनगट मोडलं. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला, मणक्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे ३.१ आला, उणे २.५ च्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. डॉक्टरांनी हाडांची झीज रोखायला वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सांगितलंय.

तारीख घेताना मी सहज बोलले की तिच्या हिरड्यांतून रक्त येतं, खालचे दोन दात हलतात, तर डॉक्टर थांबलेच. म्हणाले आधी दात दाखवा, या औषधानंतर दात काढला तर क्वचित जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं. मी बोललेच नसते तर? विचार करून झोप लागत नाहीये.

दातांच्या डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं, मुळाभोवतीचं हाड झिजलंय, ते दोन काढायचे, बाकीच्या हिरड्या आतून साफ करायच्या. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं तशी हाडं झिजतात, जबड्याचंही हाडच की, पण हिरड्यांवर खरा घाव मिश्रीचा आहे म्हणाले. आई तीस वर्षं मिश्री लावते. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबी कायम उशाशी. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे तर डाव्या बोटानं घासते. सोड म्हटलं की म्हणते, त्याशिवाय पोट साफ होत नाही गं.

दात काढल्यावर इंजेक्शनला किती दिवस थांबायचं? हाडाचे डॉक्टर म्हणतात फार लांबवू नका, पुढच्या वेळी खुबा मोडेल. आणि कुणी घरात मिश्री सोडवलीय का? कडक भाकरी तर चावतच नाही आता, आमटीत कुस्करून देते.

प्रतिसाद:
ताई, माझ्या सासूबाईंचं हेच झालेलं. दातांच्या डॉक्टरांनी जखम पूर्ण भरली असं लिहून दिलं तेव्हाच इंजेक्शन दिलं, सहा आठवडे गेले, तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. घाबरून इंजेक्शन टाळू नका, जबड्याचा तो त्रास जास्त करून कॅन्सरच्या पेशंटना होतो, त्यांना वरचेवर मोठा डोस असतो, हाडांसाठीच्या डोसला फार क्वचित. आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), कॅल्शियम, व्हिटॅमिन डी तपासा, किडनी कमजोर असेल तर हे औषध चालत नाही. शुगरही बघा, ती वाढलेली असली तर हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम, ज्वारीत त्याचा दहावा भागही नाही, तेव्हा नाचणीची आंबील द्या, चावायला नको. मिश्रीचं म्हणाल तर दात काढले तेव्हा जखमेवर लावताच येईना, तेच दिवस आम्ही धरले, डबी मोठ्या जाऊबाईंकडं ठेवली. पहिला आठवडा लई चिडचिड केली सासूबाईंनी, मग सकाळचा चहा आणि ओवा यावर आल्या.

धागाकर्ती:
खूप आधार वाटला ओ. क्रिएटिनिनचं कुणी बोललंच नव्हतं, उद्याच रक्त तपासायला देते. सोमवारी पहिला दात काढायचाय, डबी तेव्हाच मागून घेते तिच्याकडून.