नोकरी गेली, सीव्ही बघून कोणी फोनच करत नाही. मदत हवी आहे (अर्जंट)

बिनपगारी: दीड महिना झाला. १२० अर्ज टाकले, तीन नकार, बाकी सगळे गप्प. सीव्हीत काय बदलू तेवढंच सांगा. 'धीर धरा' नको, तो घरी भरपूर आहे.

खडूस: क्षेत्र कोणतं? अनुभव किती? नाडी न दाखवता औषध मागताय.

बिनपगारी: अकाउंट्स, ११ वर्षं. लिहिलं नव्हतं का?

खडूस: नाही.

ताळेबंद: मी भरती बघते. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकाने, चौकटी, तक्ते असले की त्याचा गोंधळ होतो. साधा एकरकानी सीव्ही करा, जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे वापरा. अर्थात, जे खरंच येतं तेवढेच.

मुक्तविहारी: नोकरी म्हणजे गुलामगिरी. स्वतःचं काहीतरी सुरू करा!

खडूस: भांडवल तुम्ही देताय का?

जुनं_खोड: सीव्ही राहू द्या. ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडलंय, की कामाची बातमी जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून जास्त येते. जिवलगांना आपल्याइतकंच माहीत असतं. माझ्या दोन्ही नोकऱ्या अशाच लागल्या. जुन्या ऑडिटरला फोन करा. तो दहा कंपन्यांच्या वह्या बघतो, कुठली खुर्ची रिकामी आहे हे त्याला आधी कळतं.

ताळेबंद: ओळख नसलेल्यांनी काय करायचं मग? सीव्ही लागतोच.

जुनं_खोड: लागतो, पण फोननंतर.

अवांतर_अण्णा: कोणी चांगली ऑफिसची खुर्ची सुचवेल का? पाठ धरते.

बिनपगारी: ऑडिटरला नाही सांगता येणार. तो वडिलांच्या ओळखीतला. वडिलांना अजून माहीत नाही, रोज बॅग घेऊन नऊला बाहेर पडतो.

खडूस: हे आता सांगताय! म्हणजे अडलंय ते सीव्हीपाशी नाहीच.

ताळेबंद: एक राहिलंच. काढलं, की राजीनामा लिहून घेतला?

बिनपगारी: राजीनामा. 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणाले. त्याने काय होतं?

ताळेबंद: होतं. नोटिशीचा पगार आणि इतर देणी त्यावर अडू शकतात. नेमणूकपत्र काढून नीट वाचा, अनुभवपत्र लेखी मागा. आजच.

जुनं_खोड: आणि वडिलांना सांगा. दीड महिना रोज बॅग बघतायत, त्यांना कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला?

बिनपगारी: नेमणूकपत्र घरच्या कपाटात आहे. घरी सहाच्या आत जाता येत नाही.