बॅगा तपासून काय साधणार?

हॉस्टेलात दारू-ड्रग्ज येऊ नयेत म्हणून गेटवर बॅगा तपासा आणि सापडेल त्याला हॉस्टेलातून काढा, असं काही जण सुचवतात. हा उपाय आमच्याकडे झालाय. परिणाम? बाटल्या फ्लशच्या टाकीत गेल्या. माझ्या दुसऱ्या वर्षाला एक ज्युनियर पिऊन बेशुद्ध पडला, तर रेक्टरना सांगायचं की नाही यावर आम्ही अर्धा तास कुजबुजत होतो. तो उताणा पडलेला, तोंडात उलटी. एकाने त्याला कुशीवर वळवलं म्हणून वाचला. सगळ्यांना भीती एकच, नाव कटेल!

गंमत म्हणजे कायदा इथे कॉलेजपेक्षा समजूतदार आहे. ड्रग्जसाठीच्या १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातलं कलम ६४-अ बघा: थोडा माल बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत जाऊ शकते.

मदतीला हाक मारणाऱ्यावर कारवाई नाही, एवढं कॉलेजने नोटीस बोर्डावर लिहून द्यावं. शेजारी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल-फ्री नंबर. आणि हो, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत सिगारेट विकायला बंदी आहे. गेटसमोरच्या टपरीचं अंतर कोणी मोजलंय का?