मदत हवी आहे : ट्रॅमाडॉल आणि व्यसनाची आनुवंशिकता

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाच्या गुडघ्याच्या लिगामेंटचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात नाशिकमध्येच ठरले असून, त्यानंतर काही दिवस ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड (अफूसारखे काम करणारे) वेदनाशामक द्यावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आमच्या वडिलांना पाठदुखीसाठी सुरू केलेल्या याच गोळीचे व्यसन जडले होते. उशीच्या अभ्र्यात दडवलेल्या रिकाम्या पट्ट्या आईला सापडत, त्यामुळे तिने धास्ती घेतली आहे.

जुळ्यांच्या अभ्यासांनुसार ओपिऑइडच्या व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो, मात्र तो एखाद्या जनुकाचा नसून असंख्य जनुकांच्या लहानलहान परिणामांचा असतो. अमेरिकेत २०२३ मध्ये या धोक्याच्या अंदाजासाठी १५ जनुकीय बदल पाहणाऱ्या चाचणीला मान्यता मिळाली, परंतु अनेक तज्ज्ञांनी तिच्या विश्वासार्हतेवर आक्षेप घेतल्याने मला तिचा भरवसा वाटत नाही. ट्रॅमाडॉलला अधिक प्रभावी रूप देणाऱ्या यकृतातील सीवायपी२डी६ या विकराची (एन्झाइमची) तपासणी निराळी. तिच्यातून गोळी कितपत लागू पडेल याचा अंदाज येतो, व्यसनाचा नव्हे.

नाशिकमध्ये आनुवंशिकता समुपदेशक कोणी आहेत का? वडिलांचा इतिहास भूलतज्ज्ञांना सांगून नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारे इंजेक्शन) आणि पॅरासिटामॉलवर कोणाचे निभावले आहे का? अनुभव असल्यास कृपया सविस्तर कळवावे.